स्टुलावरची सातवी

लातूर जिल्हा नवा झाला, पण दुष्काळ जुनाच राहिला. टँकरमागं लोक धावत होते आणि नव्या कचेरीतल्या साहेबाला इतिहासाची हौस आली. म्हणे, बहात्तरच्या दुष्काळात गावोगाव कुटुंब नियोजनाचा प्रचार केलेली माणसं आता थकली, त्यांचा आवाज टेप करून ठेवा! आरोग्य खात्यात नुकत्याच लागलेल्या उमादेवीच्या गळ्यात ते काम पडलं, आणि यादीत पहिलंच नाव तिच्या बापाचं. मुरुडचे गुरुपादप्पा.

आता ह्या गुरुपादप्पांना पोरं किती? सात! प्रचार कुटुंब नियोजनाचा आणि घरात रोज पंगत. पण गडी भलता वस्ताद, त्यानं लाजेचंच भांडवल केलं. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर दुपारी सरकारी सुकडीचा खाऊ वाटला की साती पोरं उंचीनं ओळीत उभी करायची. घरात बरे कपडे असताना मुद्दाम फाटके घालून, अनवाणी. शेंडेफळ उमादेवी गर्दीत दिसायची नाही, म्हणून ती स्टुलावर. मग अप्पा सुरू व्हायचे, "ह्या सहाव्याचं नाव मला आठवंना! अन् ही सातवी! ही नसती तर माझ्या पायात चप्पल असती!" लोक हसून हसून लोळायचे. आणि त्यातलेच काहीजण पुढच्या आठवड्यात गुपचूप दवाखान्यात जायचे.

भाषण संपलं की उमादेवीला मूठभर सुकडी मिळायची. सुकडी पोटात गेली, ते चपलेचं वाक्य मात्र घशातच अडकून राहिलं. साहेबाच्या इतिहासाचं काय व्हायचं ते होवो, तिला बापाला एकच विचारायचं होतं.

कपाळाला विभूती लावून, धुतलेलं धोतर नेसून अप्पा टेपसमोर बसले. बटण दाबलं आणि चांगल्या बोलक्या माणसाचं लाकूड झालं. "बंधू-भगिनींनो, लोकसंख्येचा प्रश्न हा अत्यंत..."

"अप्पा, रेडिओवानी नगं. खडीवर बोलायचात तसं बोला की."

"तसं कसं येईल? समोर मान्सं न्हाईत, पोरं न्हाईत."

"एक हाय की!" चुलीपासून दानम्मा ओरडली. उमादेवीची आईच ती, गप्प कशी बसेल? "चढवा तिला स्टुलावर अन् आटपा लवकर!"

सरकारी नोकर बाई निऱ्या सावरत स्टुलावर चढली. स्टूल कुरकुरलं, आणि अप्पांना कंठ फुटला. काय ते हातवारे, काय तो आवाज! शेजारीपाजारी दारात गोळा झाले. "अन् ही सातवी! ही नसती तर..."

म्हाताऱ्यानं वर लेकीकडं बघितलं.

"बोला की, चप्पल असती," उमादेवी म्हणाली. मग तिला राहवेना. "अप्पा, खरंच नगं होते का हो मी?"

"येडी का काय!" अप्पा उसळले. "तू झालीस अन् मी आपरेशन करून घेतलं. लोक म्हनले, गुरुपादप्पा सातावर थकला. थकला कशाचा? तुला मांडीवर घेतलं अन् मन भरलं. म्हनलं, आता पुरं."

"टेपात खोटं बोलू नगा!" दानम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. "हाताला धरून मी नेलं हुतं दवाखान्यात!" मग स्टुलावर रडणाऱ्या लेकीकडं बघून तिचा आवाज उतरला. "पर मन भरलं म्हनले हुते. हे खरं हाय."

"ते बटन बंद कर आधी," अप्पा नाक ओढत म्हणाले. "साहेबाला समदं कशाला?"

"चालू ऱ्हाऊ द्या अप्पा," उमादेवी स्टुलावरूनच म्हणाली. "मला परत ऐकायला पायजे."