मोगरा उपासाला बसला

"मेले नाई गा, उपासाले बसले आहेत!" गोकुळाबाईने कोलूच्या हातातलं चुन्याचं घमेलं घट्ट धरून ठेवलं. "माह्या वाफ्यात एक रेघ जरी मारली त याद राख."

कोलू ट्रॅक्टरवाला. आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या विश्रामगृहाच्या बागेत खुणा करायला तो सकाळीच येऊन ठेपला होता. आज चुना, उद्या ट्रॅक्टर, परवा हिरवळीच्या तयार गाद्या. फेब्रुवारीत कोणी मोठे साहेब मुक्कामाला येणार होते आणि त्यांच्या खोलीसमोर लॉन पाहिजे होतं. नेमक्या त्याच जागी गोकुळाबाईची मोगऱ्याची बावीस झाडं उभी होती. उभी म्हणजे काय, नुसत्या काड्या! पानं ओरबाडलेली, मुळ्या उघड्या, माती भेगाळलेली. बावीस झिजलेले खराटे उलटे रोवून ठेवावेत, तशी.

"बाई, यायच्यात जीव असन त मी मिशा काढतो," कोलू म्हणाला.

"मंग पाडव्याले न्हाव्याले संगंच घेऊन येजो!"

सव्वीस वर्षं गोकुळाबाई या बागेत रोजंदारीवर होती. घरी कॅलेंडर होतं, पण ते भिंतीचा पोपडा झाकायला. वर्ष तिला बागेतून कळायचं. मृग लागला की जास्वंदीच्या फांद्या रोवायच्या. पोळ्याच्या आत झेंडू लागला पाहिजे, नाहीतर दसऱ्याला तोरण कशाचं बांधाल, कपाळाचं? दसरा झाला की गुलाबाला कात्री, तिथे दयामाया नाही. थंडीत शेवंतीच्या कमरेला कामट्यांचा आधार. आणि दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, आटोपली, दंडारीच्या नाटकांची ढोलकी थांबली, की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. थेंब द्यायचा नाही. संक्रांतीला पानं काढून मुळ्यांना ऊन दाखवायचं. मग शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरली की शेणखत घालून पाणी सोडायचं, आणि महिन्या-सव्वा महिन्यात झाड पांढरंशुभ्र होतं. उपास न धरलेला मोगरा नुसती पानं वाढवतो, फुलांच्या नावाने शंख. तिच्या आधीचा म्हातारा माळी याला ताण देणं म्हणायचा. गोकुळाबाई उपास म्हणायची, कारण उपास कसा असतो ते तिला चांगलं ठाऊक होतं.

कोलूने हात टेकले आणि विश्रामगृहाच्या खानसाम्याला, लच्छूला, हाक मारली. लच्छू पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला. मोबाईलला टॉवर तिथेच सापडायचा, तोही उजवा हात वर धरला तर. पलीकडे रेंज ऑफिसातला बाबू प्रफुल होता.

"हॅलो! प्रफुलभाऊ! काम थांबलं म्हनाव साहेबाले! मोगरा… हॅलो… उपासाले बसला म्हन्ते गोकुळाबाई!"

यातलं जे मध्ये गळायचं ते गळलं. प्रफुलला ऐकू गेलं ते एवढंच, की मोगऱ्यापाशी गोकुळाबाई उपासाला बसली.

झालं! ऑफिसात एकच धावपळ उडाली. मोठे साहेब यायच्या तोंडावर विश्रामगृहात उपोषण, तेही बाईमाणसाचं, सव्वीस वर्षांच्या रोजंदारीवालीचं! रेंजच्या साहेबांना घाम फुटला. ते साताऱ्याकडचे, इथे येऊन वर्ष झालेलं. तासाभरात जीप आली. पुढून साहेब उतरले, मागून प्रफुल उतरला. प्रफुलच्या हातात मोसंबीच्या रसाची बाटली आणि नवाकोरा काचेचा ग्लास. उपोषण सोडवायचं तर तयारीनिशी नको का?

गोकुळाबाई आंब्याखाली मांडी घालून बसली होती. समोर डबा उघडा, त्यात भात आणि मरळाचं कालवण. घास तोंडात होता.

"बाई… तुम्ही उपोषणाला बसलात ना?" साहेब चाचरत म्हणाले.

"मी?" गोकुळाबाईने घास गिळला. "मी त जेवून राह्यली, साहेब. उपास मोगऱ्याचा आहे."

साहेबांनी डब्याकडे पाहिलं, प्रफुलकडे पाहिलं. मग साहेबच हसायला लागले आणि सगळेच हसले. प्रफुलने तर बाटली पाठीमागे लपवली. गोकुळाबाईने साहेबांना वाफ्यापाशी नेऊन काडी नखाने खरवडून दाखवली. सालीखाली हिरवं होतं. मुळ्या, ऊन, पाणी, जत्रा, सगळं तिने समजावून सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, पण जिवावरचं संकट टळल्याच्या आनंदात त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

"छान माहिती दिलीत, बाई. पण नकाशा मंजूर आहे. उद्या काढून टाका हे," असं म्हणून ते जीपकडे वळलेसुद्धा.

गोकुळाबाईला भडभडून आलं. एवढं सांगितलं ते पालथ्या घड्यावर पाणी! तिने आंब्याखालच्या डब्याकडे पाहिलं. अर्धा भात तसाच होता. तिने झाकण लावलं, डबा लच्छूच्या हातात दिला आणि वाफ्याच्या मधोमध फतकल मारली.

"मंग आता बसतो मी," ती म्हणाली.

हा विचार तिच्या सात जन्मांत तिला सुचला नसता. तो या लोकांनीच रसाच्या बाटलीसकट तिच्याकडे आणून दिला होता.

प्रफुल पळत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, बसलेच आहा त कायम कराची मागनी करा! असा मौका परत नाई."

साहेबांच्या कानांनी ते टिपलं. "कायम करणं माझ्या हातात नाही. एप्रिलपासून बाग एजन्सीकडे चालली आहे, तुम्हाला माहीत आहे. फार तर एजन्सीने तुम्हाला ठेवावं म्हणून मी शब्द टाकतो. नाहीतर नकाशा बदलून घेतो. वर एकाच गोष्टीसाठी बोलता येईल मला. झाडं की तुमचं नाव, काय ते एक सांगा."

आता मात्र गोकुळाबाई पेचात पडली. एप्रिलनंतर काय, या धास्तीने तिची दिवाळी कडू झाली होती. या बागेबाहेर तिला दुसरं काही येतही नव्हतं. तिने हाताशी असलेली मोगऱ्याची काडी धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"आमच्या घरी जाळं आहे, तलाव आहे, नवरा मच्छी मारते," शेवटी ती म्हणाली. "मोगऱ्याचं कोन आहे, साहेब? झाडंच लिहा."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि उभ्या उभ्या लिहिलं. प्रफुलने मोठ्याने वाचून दाखवलं, "मोगऱ्याच्या वाफ्यास गुढीपाडव्यापर्यंत कोणीही हात लावू नये. तोवर फुले आल्यास वाफा कायम ठेवावा."

"का म्हनलं? कायम?" गोकुळाबाईने विचारलं.

"कायम, बाई."

सव्वीस वर्षांत किती अर्ज झाले, किती अंगठे उठवले, पण तो शब्द तिच्या वाट्याला कधी आला नाही. तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने कागद पदराच्या गाठीत बांधला. प्रफुलने रसाचा ग्लास पुढे केला, पण तिने हात आडवा केला. "मोगऱ्याचा सुटन तवा माहा सुटन."

"अहो, मराल की!" साहेब ओरडले.

"जेवतो मी, साहेब. चाय सोडतो."

साहेबांना ते किरकोळ वाटलं. लच्छूला नाही वाटलं. लच्छूच्या हातचा आद्रकाचा चहा दिवसातून चार वेळा घेतल्याशिवाय या बाईच्या हातात खुरपं चालत नाही, हे तो वीस वर्षं पाहत आला होता.

घरी नवऱ्याने, इस्तारीने, जाळं विणता विणता सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बसलीच होती त आपल्यासाठी बसाचं वो! झाडायसाठी कोनी बसते का?"

"आपल्यासाठी बसली असती त उठवलं असतं त्यायनं," गोकुळाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

लॉन शेवटी आंब्याच्या पलीकडे लागलं. मोठे साहेब आले, एक रात्र राहिले आणि गेले. लॉनवर ते आलेच नाहीत, डास फार होते म्हणे. मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवशी गोकुळाबाईने बावीस आळ्यांत शेणखत भरलं आणि पाणी सोडलं. मातीने ते गटागटा पिऊन टाकलं. पंधरा दिवस काही नाही. मग पोपटी ठिपके. मग पानं. पाडव्याला चार दिवस उरले तरी फुलाचा पत्ता नव्हता, आणि गोकुळाबाईचं डोकं चहावाचून ठणकत होतं. "एक घोट घे, कोन पाह्यते?" लच्छू म्हणायचा. "मोगरा पाह्यते ना," ती म्हणायची.

पाडव्याच्या सकाळी फाटकातच तिला वास आला. ती धावली नाही. हळूहळू चालत गेली. तिसऱ्या झाडावर सात फुलं होती आणि बाकीच्यांवर कळ्याच कळ्या. लच्छूने न विचारता चहा आणून दिला. वाफ्याच्या कडेला बसून तिने तो बशीत ओतून फुरके मारत संपवला आणि वर दुसरा मागितला. त्या दिवशी कोलू तोंडाला दुपट्टा गुंडाळून रस्त्याने गेला, थांबला नाही.

मार्च संपला. शेवटच्या दिवशी तिने खुरपं धुऊन जागेवर ठेवलं आणि तो कागद लच्छूच्या स्वयंपाकघरात, देवाच्या फोटोमागे सरकवला.

"मंडई झाली का पानी बंद कराले सांगजो. कोनी इचारलं त का म्हनशीन?"

"माहीत आहे, बाई," लच्छू म्हणाला. त्याने फोटो सरळ केला.

डिसेंबरात गोकुळाबाई तलावाच्या पाळीवर मासे निवडत होती, तेव्हा त्याचा फोन आला. तो टाकीच्या शिडीवर चढला असणार, कारण धापा टाकत होता.

"बाई, ते एजन्सीची मयुरी म्हनून राह्यली, झाडं वाळले, पाईप लावतो. म्या कागद दाखवला. अन् सांगून देल्लं, मोगरा उपासाले बसला."

"मंग? आयकलं तिनं?"

"आयकलं. पाईप गुंडाळून ठेवला."

"बरं केलं," गोकुळाबाई म्हणाली.

फोन ठेवून तिने पुन्हा मासे निवडायला घेतले. तेवढ्यात इस्तारी घरातून दोन कप घेऊन आला आणि त्यातला एक त्याने तिच्यापुढे धरला. थंडीत वाफ निघत होती, आद्रकाचा वास येत होता.

"ठेवा तुमालेच," ती म्हणाली. "मले आता पाडव्यालेच."