ओल्या कचऱ्यातली पाती

मित्रांनो, मला हात नाहीत, पण जवळपास लोखंड असलं की मी ते ओढून घेतो. मी एक जुना लोहचुंबक आहे. काळा, वाटोळा, मधे भोक असलेला. माझी पहिली वर्षं एका स्पीकरच्या पोटात गेली. वरातीची गाणी, आरत्या, निवडणुकीच्या घोषणा, सगळ्यांनी मी सारखाच थरथरायचो. पुढे आवाज फाटू लागला आणि स्पीकर भंगारात गेला.

तिथून मला महानंदाबाईंनी उचललं. सोलापुरात शुक्रवार पेठेत त्या घरोघरचा कचरा गोळा करून निवडतात. त्यांनी माझ्या भोकात सुतळी ओवली आणि मला कमरेला बांधलं. तेव्हापासून आमचा एकच उद्योग, समोर येईल त्या वस्तूला विचारायचं, तू कोण? पत्र्याचं झाकण टपकन चिकटे. थंड पेयाचा डबा तितकाच चमके, पण मला ओळखही दाखवत नसे, तो अॅल्युमिनियमचा. दोघंही वितळून पुन्हा नवे होणार. पुढच्या जन्मी ते कोण होत असतील, याचं मला फार कुतूहल वाटे.

गेल्या वर्षी दिपालीताई आल्या. त्या शाळाशाळांतून कचऱ्याविषयी शिकवतात. म्हणाल्या, "मावशी, या खेपेला मुलांशी तुम्हीच बोला."

"मी? अगं, मला कुटं जमतंय!" महानंदाबाई म्हणाल्या. पण गेल्या.

त्या वर्गात शिरल्या, तशी पुढच्या बाकावरच्या शिवराजने नाकाला रुमाल लावला. महानंदाबाईंची मूठ माझ्याभोवती आवळली. मला वाटलं, आता या माघारी फिरणार. पण त्यांनी वर्गातलीच कचरापेटी मागवली आणि टेबलावर कागद पसरून ओतली.

"सांगा बगू, ह्यात लोखंड हाय का न्हाय?"

"नाही!" वर्ग ओरडला. "केळीच्या साली आहेत नुसत्या!"

त्यांनी मला सालींवरून हळूहळू फिरवलं. टक. एक पिन. पुन्हा टक. मग शार्पनरची पाती, एकामागून एक तीन. शिवराजचा रुमाल खिशात कधी गेला, ते त्यालाही कळलं नाही. सगळी डोकी माझ्याभोवती जमली.

संस्कृती नावाची मुलगी मात्र महानंदाबाईंच्या उजव्या हाताकडे पाहत होती.

"मावशी, तुमचं हे बोट वाकत का नाही?"

"असंच पातं हुतं, बाळा. वल्या कचऱ्यात. शीर तुटली."

त्यांचं बोट कापलं त्या दिवशी मी त्यांच्या कमरेलाच होतो, मित्रांनो. पातं माझ्यापासून हातभर लांब होतं. माझी ओढ तेवढ्या लांब पोचत नाही.

मग संस्कृती खाली मान घालून म्हणाली, "यातलं एक पातं माझं आहे."

"कळलं न्हवं? मग झालं की," महानंदाबाई म्हणाल्या आणि मला शिवराजच्या हाती दिलं. "धर, तू बग आता."

त्याच्या हातून मी निसटलो. फरशीवर आपटून माझे दोन तुकडे झाले. पोराचं तोंड एवढंसं झालं. महानंदाबाईंनी दोन्ही तुकडे उचलून पिनेजवळ नेले. पिन याला चिकटली, त्यालाही चिकटली.

"बगा! दोनी वडत्यात. एक तुमाला, एक मला."

आता माझा अर्धा भाग त्या वर्गात असतो. आम्हा दोघांना पुन्हा जोडायला गेलं, तर आम्ही एकमेकांना ढकलतो. का, ते शिवराज अजून शोधतो आहे. आणि पेठेत राहणाऱ्या त्या मुलांपैकी काहींच्या घरांतून महानंदाबाईंच्या हाती जाड कागदाची पुडी येऊ लागली आहे, वर लाल फुली. आत धारदार काहीतरी आहे, एवढं त्यातून कळतं.

तुम्हीही पातं, सुई, फुटका ग्लास असाच वेगळा बांधून द्या. लोखंड मी एखादे वेळी शोधीनही. पण काचेपुढे माझं काही चालत नाही, मित्रांनो; तिथे तुम्हीच लागता.