सहाशे प्रकाशवर्षांचा ढग

"ही वही आज तुम्ही तिसऱ्यांदा मागताय, बाई," जुन्या नोंदींच्या खोलीतला कारकून म्हणाला. "हवी तर घरीच घेऊन जा."

"नको. इथंच बघते," मोजणीबाई म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच त्यांनी पान उघडलं. आकडे तेच होते. तिसऱ्यांदा बघितल्यावर ते वेगळे दिसतील अशी वेडी आशा होती, तीही संपली.

कागदोपत्री त्यांचं पद तांत्रिक सहायकाचं. पण एकतीस वर्षं वेधशाळेच्या एकाच खोलीत बसून त्यांनी एकच काम केलं होतं: ताऱ्यांच्या मधल्या वायूच्या ढगांची अंतरं काढायची. त्यामुळे सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. काम सांगायला सोपं होतं. ढगाचं अंतर थेट कळत नाही, ताऱ्यांचं कळतं. म्हणून ढगाच्या दिशेचे तारे घ्यायचे आणि एकेकाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासायचा. तारा ढगाच्या मागे असला तर त्याचा प्रकाश ढगातून येतो आणि वर्णपटात एक बारीक काळी रेघ उमटते. तारा अलीकडे असला तर रेघ नाही. रेघ नसलेला शेवटचा तारा आणि रेघ असलेला पहिला तारा, या दोघांच्या मध्ये कुठंतरी ढग. करताना मात्र डोळ्यांचा आणि पाठीचा पार भुगा व्हायचा.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका ढगाचं अंतर त्यांनी सहाशे प्रकाशवर्षं काढलं होतं. यादीतला १७ क्रमांकाचा तारा रेघ असलेला पहिला, असं वहीत त्यांच्याच अक्षरात होतं. आज त्या जुन्या नोंदी संगणकावर चढवताना त्यांच्या लक्षात आलं, की तो वर्णपट १७ क्रमांकाचा नव्हताच. ७१चा होता. आकडे उलटे पडले होते. ७१ क्रमांकाचा तारा बाराशे प्रकाशवर्षांच्या पलीकडचा. खऱ्या सतराव्याला रेघेचा मागमूस नव्हता. मधले अंधुक तारे तेव्हा तपासताच आले नव्हते. त्यांचे वर्णपट आता मिळत होते, तेही त्यांनी काढून पाहिले. बाराशेपर्यंत एकालाही रेघ नव्हती. ढग दुप्पट लांब होता.

वहीतल्या तारखेवरून तो दिवस आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. घरात कोणी आजारी नव्हतं, कोणाशी काही वाजलं नव्हतं. साधा मंगळवार होता. एखादं कारण सापडलं असतं तर टेकायला जागा तरी मिळाली असती.

त्या सहाशेच्या आकड्यावर वेधशाळेतल्याच एका मुलीनं चार वर्षं घासून प्रबंध लिहिला होता. सोमवारी तिची तोंडी परीक्षा, आणि पुढच्या महिन्यात परगावी नोकरीवर रुजू व्हायचं. आज गुरुवार होता.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला माणूस. चूक म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नसे.

"सोमवार जाऊ दे," तो बराच विचार करून म्हणाला. "पोरीची परीक्षा होऊ दे, मग सांग. ढग काय तोवर पळून जातोय?"

"अहो, पण तिनं लिहिलंय ते..."

"मंगळवारी दुरुस्त करेल. निवृत्तीला तुझे चार महिने राहिलेत. शेवटी शेवटी कशाला अंगावर घेतेस?"

बोलणं पटण्यासारखं होतं, हीच पंचाईत होती. भाजी चिरताना त्या दोनदा थांबल्या. या एकाच वहीत तीनशे तारे होते, आणि अशा वह्या बावीस. आणखी कुठं काय उलटं पडलं असेल?

शुक्रवारी सकाळी त्या वही घेऊन मुलीला शोधत गेल्या. ती रिकाम्या व्याख्यानगृहात एकटीच भाषणाची तालीम करत होती.

"बाई, बरं झालं आलात. बसा ना, समोर कोणीतरी हवंच होतं."

त्या मागच्या रांगेत बसल्या. मुलगी छान बोलत होती. "ढगाचं अंतर सहाशे प्रकाशवर्षं," ती म्हणाली आणि हसून पुढं, "हे आमच्या बाईंनी काढलंय, त्यामुळे त्यावर प्रश्न विचारू नका."

मोजणीबाई उठल्या. पुढं जाऊन त्यांनी टेबलावर वही उघडली, दोन्ही आकड्यांवर बोट ठेवलं आणि काय झालं ते तीन वाक्यांत सांगितलं.

मुलगी फळ्याकडे वळली. अंतर दुप्पट, म्हणजे ढगाची लांबी-रुंदीही दुप्पट आणि वस्तुमान चौपट. तिनं शांतपणे ओळीखाली ओळ मांडली. हा ढग हलका आहे, विरून जाईल, त्यातून तारे जन्मणार नाहीत, असं तिचा प्रबंध म्हणत होता. फळ्यावर नेमकं उलटं आलं. ढग स्वतःच्याच भारानं आत ढासळणार होता.

"तुम्हाला हे कालच दिसलं?" तिनं पाठमोरंच विचारलं.

"काल दुपारी."

"अकरा वर्षांत नाही दिसलं."

"नाही दिसलं गं."

मुलीनं खडू ठेवला आणि ती बाहेर निघून गेली. दुपारी तिच्या मार्गदर्शक सरांनी परीक्षा सहा महिने पुढं ढकलली. मोजणीबाईंना ते एवढंच म्हणाले, "सांगितलंत ते योग्यच केलंत." पण पुढच्या आठवड्यापासून नवं काम त्यांच्या टेबलावर यायचं थांबलं. परगावची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. मुलगी जिन्यात समोर आली की भिंतीकडे बघत उतरायची. मोजणीबाई जुन्या वह्या पहिल्या पानापासून तपासत बसल्या. नवव्या वहीपर्यंत काही सापडलं नाही, तरी झोप लागेना.

दोन महिन्यांनी एका दुपारी मुलगी दारात उभी राहिली. हातात कागदांचा गठ्ठा.

"नव्या ताऱ्यांची यादी आहे. एकशे चाळीस. सर म्हणाले, दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घे."

"मग माझ्याकडे का आणलीस?"

मुलीनं गठ्ठा टेबलावर ठेवला. "दुसरं कोण आहे इथं?" ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता. मग तिनं स्वतःच खुर्ची ओढली आणि बसली.

मोजणीबाईंनी चष्मा पदरानं पुसला, वर्णपटांची फाईल उघडली आणि पहिल्या ओळीखाली पट्टी धरली.

"क्रमांक वाच," त्या म्हणाल्या. "एकेक आकडा सुटा सुटा. आणि सावकाश."

मुलगी सावकाश वाचू लागली.