गादीतली गाठ

गादीवाल्या आजोबांनी तीस वर्षांत हजारो गाद्या शिवल्या, पण त्यातल्या एकीवरही कधी पाठ टेकली नाही. गिऱ्हाइकाची गादी कोरीच गेली पाहिजे, हा त्यांचा बाणा. दुपारी पडायचं झालं तर दुकानातल्या फरशीवर पडायचे आणि उठताना कंबर धरून साऱ्या जगाला नावं ठेवायचे.

आता मात्र पंचाईत झाली होती. मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंनी नमुन्याची गादी परत पाठवली होती. "कुठेतरी टोचतंय," एवढंच म्हणाल्या. पाच वाजता त्या पुन्हा येणार होत्या. पसंत पडली तर साठ गाद्यांचं काम, नाहीतर ते कारखान्याकडे जाणार. आजोबा सकाळपासून तळहाताने वीत-वीत चाचपत होते. काही म्हणजे काही हाताला लागत नव्हतं.

लेक कामावर जाताना पाच वर्षांच्या नातीला दुकानात सोडून गेली होती. आजोबा चष्मा पुसायला वळले आणि ही गादीवर चढून लोळायला लागली.

"उतर खाली! लोकांची गादी आहे ती!"

"इथे गुदगुल्या होतात," असं म्हणून ती खिदळली. पुन्हा लोळली, पुन्हा तिथेच खिदळली.

आजोबांनी तिथे हात दाबला. काहीच नाही.

"हाताने कोण झोपतं, आजोबा? तू झोप ना."

तीस वर्षांचा बाणा आणि घड्याळात तीन. आजोबा अंग चोरून, सरणावर ठेवल्यासारखे ताठ पडले.

"काही लागत नाही गं."

"कसं लागेल? तू तर घड्याळाकडे बघतोयस! डोळे मीट. आता लोळ."

पहिलं लोळणं अगदीच बेतानं झालं. दुसऱ्यांदा धोतराची पंचाईत. तिसऱ्यांदा नात अंगावर येऊन आदळली आणि आजोबांना असं हसू फुटलं, की आपण इथे का लोळतोय हेच ते विसरले. आणि तेव्हाच खांद्याखाली टुचकन लागलं.

बारीकशी गाठ. मोठं काम म्हणून जिवाला घोर, त्या घोरात टाक्याला त्यांनीच एकाऐवजी दोन गाठी मारल्या होत्या. हात दाबला की कापसात बुडायची. अंगाचा भार पडला की वर यायची.

टाका उसवून, नवा घालून होईपर्यंत साडेतीन झाले. एरवी उरलेल्या वेळात त्यांनी दुकान तीनदा झाडलं असतं.

"आता काय करायचं?" त्यांनी नातीला विचारलं.

"आता काय म्हणजे? लोळायचं!"

बाई साडेचारलाच आल्या. दारातून त्यांना दोन जोड पाय दिसले, एक लहान, एक भेगाळलेला, चारही हवेत.

"गादी तपासताय का?"

आजोबा दचकले, पण उठले नाहीत. "तपासून झाली, बाई. आता नुसतेच लोळतोय."

बाईंनी एकदा मागे रस्त्याकडे पाहिलं. मग पर्स खुर्चीवर ठेवली आणि बूट काढले.

"आजोबा, सरक ना तिकडे," नात म्हणाली.