लांब शेपटीचं हेल्मेट

पंचवीस मैल, एका तासाच्या आत. माझ्या बाबांना आयुष्यात एवढंच हवं होतं. आई होती तेव्हा तीही हवी होती, पण तीसुद्धा म्हणायची की माझा नंबर दुसरा. दर उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यातल्या हमरस्त्यावर सायकल क्लबची घड्याळाशी शर्यत व्हायची. एकेक जण एकेका मिनिटाच्या अंतराने सुटायचा, एकट्याने सायकल हाणायचा, आणि शेवटी कोण पहिला आला यापेक्षा प्रत्येकाला स्वतःचा वेळ किती लागला याचीच पडलेली असायची. बाबांना दर वर्षी तासाच्या वर थोडेसेच सेकंद लागायचे. चौसष्टाव्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं, की पाय आता काही वाढवून देणार नाहीत. जे काय मिळवायचं ते वाऱ्याकडून.

मग घरात सामान यायला लागलं. मागचं चाक आलं, पत्र्याच्या झाकणासारखं बंद, आरे नसलेलं. अंगाला चिकटणारा एकसंध पोशाख आला. तो चढवायला मला मागून चेन ओढावी लागायची आणि दोघंही घामाघूम व्हायचो. हँडल इतकं खाली घेतलं, की कोपर टेकवून पुढे झुकल्यावर बाबांची पाठ टेबलासारखी सपाट व्हायची. त्यांची मान संधिवाताने आखडलेली. त्या अवस्थेत ती क्षणभर वर व्हायची आणि पुन्हा खाली पडायची. हे त्यांनी डॉक्टरला सांगितलं नाही, मला तर नाहीच. मी बघून ओळखलं.

शेवटी प्रश्न उरला हेल्मेटचा. दोन आणली होती. एक आखूड, गोल, साधं. दुसरं मागे लांब शेपूट असलेलं. दुकानदार म्हणाला होता, लांबाला तोड नाही.

दुकानदारावर विश्वास ठेवतील तर ते बाबा कसले! आमच्या क्लबात अशा गोष्टींचा निकाल डोंगरावर लावतात. वारा पडलेली संध्याकाळ बघायची, वरच्या मेंढ्यांच्या फाटकापासून सायकल सोडून द्यायची. पायडल मारायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही. उतार संपला की समोरच्या चढावर सायकल जिथे दमून थांबेल तिथे खडूची रेघ. जास्त पुढची रेघ ज्याची, ते सामान चांगलं. खडू माझ्या हातात असायचा, कारण वाकायला बाबा तयार नव्हते.

आखूड हेल्मेटची रेघ मारली. मग लांब हेल्मेट, मान खाली घालून: सायकल दोन सायकलींच्या लांबीइतकी पुढे गेली. मी म्हटलं, आता मान वर करून या. रस्त्यावर बघावं लागतं माणसाला. ते नाइलाजाने आले. मान वर केली की शेपूट पाठीवरून उठायचं आणि वारा त्यात अडकायचा. ती रेघ आखूड हेल्मेटच्याही मागे पडली.

"बघितलंस?" बाबा धापा टाकत म्हणाले. "मान खाली ठेवली की दोन सायकली फायदा!"

"मी बघितलं. तुम्ही काय बघितलंत, खाली येताना?"

"पुढचं चाक."

"आणि रस्ता?"

"रस्ता कुठे पळून जातोय? कडेची पांढरी पट्टी दिसते की. ती धरून जायचं."

"आणि त्या पट्टीवर कुणी उभं असलं तर?"

"हमरस्त्यावर कोण उभं राहतंय? बसची वाट बघत?"

मी बस चालवते. बारा वर्षं त्याच रस्त्यावर चालवते आहे. समोरच्या काचेतून असल्या सपाट पाठी किती बघितल्या असतील! त्या माणसांना वाटतं आपण रस्त्यावर आहोत. ते रस्त्यावर नसतात, ते आपल्या गुडघ्यांमध्ये असतात. वरून यांना ट्रक हवे असतात. ट्रक शेजारून गेला की त्याचा वारा ओढून नेतो, दोन-चार सेकंद वाचतात. म्हणून तर शर्यत शनिवारी दुपारी, भर रहदारीत. शहाणी माणसं ट्रकपासून लांब पळतात, हे त्यांची वाट बघतात. मला त्या सगळ्यांचा रागच यायचा आणि दर शर्यतीला त्यांच्यासाठी ब्रेडला लोणी लावायलाही मीच उभी असायचे.

त्या रात्री जेवताना मी सरळ सांगितलं, "लांब हेल्मेट घातलंत तर मी गाडी चालवत तुम्हाला नेणार नाही. सामान पाठीवर घेऊन चालत जा."

"अगं, आखूडाने तास नाही मोडायचा."

"नाही मोडला तर नाही मोडला. मला बाप हवाय."

ते बटाटे चिवडत बसले. मग म्हणाले, "बरं बाई. आखूड तर आखूड."

शर्यतीच्या दिवशी चॅपलच्या मागच्या हॉलबाहेर सगळे जमले होते. बाबांच्या आधी एक मिनिट ग्विलकाका सुटणार होता. तो बाबांचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे तीच जुनी लोखंडी सायकल आणि पोट झाकणारा, धुऊन धुऊन विटलेला सदरा. बाबांचा पोशाख बघून तो पोट धरून हसला.

"एम्लिन, हे काय घातलंयस? सॉसेजचं साल?"

"तू तुझ्या गंजक्या घोड्याचं बघ."

"माझा गंजका घोडा तुझ्या पुढे सुटतोय, लेका. हिंमत असेल तर पकड."

"पकडीन तेव्हा तुला 'नमस्कार' म्हणून पुढे जाईन."

"म्हण, म्हण. तेवढा श्वास उरला असला तर म्हण!"

ग्विलकाकाची बायको, मेन्नामावशी, दारातून ओरडली, "ए म्हाताऱ्यांनो, चहा गार होईपर्यंत भांडत बसू नका." मग ती आणि मी आत गेलो. ती 'बारा ब्रिथ' हा बेदाण्यांचा गोड पाव कापत होती, मी टेबलावर कप मांडत होते. चाळीस वर्षं ती हेच करत होती. कोण आत येतो, कुणाचा चेहरा पडलाय, कुणाला किती वेळ लागला असेल, हे तिला दारातल्या पावलांवरून कळायचं.

दूध गाडीत राहिलं होतं. आणायला गेले तर मागच्या सीटवर आखूड हेल्मेट.

 सुटायची वेळ नुकतीच उलटून गेली होती. म्हातारा मला टोपी घालून गेला होता. दुधाचा डबा हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले आणि हमरस्त्यावरचा आवाज ऐकत राहिले. बाबांना शिव्या घातल्या. आईलाही घातल्या, ती नव्हती म्हणून. मग आत येऊन कप पुसत बसले. मेन्नामावशीला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, "तोंड का उतरलंय गं?" मी म्हटलं, "दूध जड होतं."

तासाभराने दार धाडकन उघडलं आणि बाबा आत आले. लाल, ओले, लांब हेल्मेट काखेत. त्यांचा चेहरा असा मी आईच्या जुन्या फोटोंतच बघितला होता.

"एकोणसाठ मिनिटं, बेचाळीस सेकंद!" ते माझ्याकडे बघून ओरडले. "नेस्टा, एकोणसाठ बेचाळीस!"

हॉलभर टाळ्या झाल्या. पाठीवर थापा पडल्या. मला इतकं हायसं वाटलं, की राग विसरून मी त्यांच्या घामट गळ्यात पडले. खोटं का बोलू, मला आनंद झाला. माणूस जिवंत परत आला होता आणि त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं.

"ग्विलला पकडलंस का रे?" कुणीतरी विचारलं.

"ग्विल दिसलाच नाही मला. बसला असेल कुठेतरी बिस्किटं खात." बाबा हसले आणि डावं कोपर पुढे केलं. कातडी सोलवटली होती. "वळणाच्या पुढे एका शंकूला घासलं. कडेला ठेवतात ना, ते प्लास्टिकचे. चांगलाच धक्का बसला, पण पडलो नाही!"

मेन्नामावशीने बशीत तुकडा ठेवता ठेवता मान वर केली. मीही केली. मी त्याच रस्त्याने रोज जाते. वळणाच्या पुढे शंकू नव्हते.

बाबांच्या मागून सुटलेली माणसं आत येईनात. बाहेर सायरन गेला, मग दुसरा. मग वळणावर झेंडा घेऊन उभी राहणारी डिलिस आत आली. तिच्या हातात झेंडा तसाच होता. ती कुणाकडे न बघता सरळ मेन्नामावशीकडे गेली आणि तिचे दोन्ही हात धरले.

ग्विलकाकाचं चाक पंक्चर झालं होतं. कडेला गवतात उतरायला जागा नव्हती, म्हणून तो पांढऱ्या पट्टीवरच सायकल उलटी करून वाकला होता. मागून एक सायकलवाला आला, त्याचं कोपर ग्विलकाकाच्या खांद्याला लागलं. तो गर्रकन फिरून रस्त्यात पडला. मागे ट्रक होता. ड्रायव्हरला काहीसुद्धा करता आलं नसतं. सायकलवाला थांबला नाही. डिलिस लांब होती, तिला नंबर दिसला नाही. मान खाली घातलेली एक पाठ तेवढी दिसली.

वेळ नोंदवणारा हॉवेल घड्याळ गळ्यात तसंच ठेवून दारात उभा होता. तो हळूच म्हणाला की शर्यत रद्द, कुणाचाच वेळ धरणार नाही. कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटलं, "आजच माझा वेळ चांगला लागला होता." मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मी बाबांकडे बघितलं. ते स्वतःच्या कोपराकडे बघत होते.

ते गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं. त्यांच्यामागून सुटलेले वीसजण तरी त्याच रस्त्यावर होते. हे मला कळत होतं आणि त्यांनाही कळत होतं. मी त्यांचा दंड धरला. गप्प राहा म्हणून धरला की बोला म्हणून, ते आजही मला सांगता येत नाही.

"मी होतो," बाबा म्हणाले.

पोलीसबाई तोवर आत आली होती. "धक्का लागल्याचं कळलं तुम्हाला?"

"कळलं."

"मग मागे वळून बघितलं का नाहीत?"

 "मान वर केली असती तर शेपूट उठलं असतं," बाबा म्हणाले. "वारा अडकला असता."

पोलीसबाईला त्यातलं काही कळलं नाही. हॉलमधल्या बाकी सगळ्यांना कळलं. कुणी बाबांकडे बघेना. निम्म्या लोकांच्या काखेत तसलीच हेल्मेटं होती.

मेन्नामावशीने डिलिसचे हात सोडवले. टेबलाला वळसा घालून ती बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं मारेल, आणि तिने मारावं असंही वाटलं.

"किती लागला तुला?" तिने विचारलं.

"मेन्ना..."

"किती लागला ते सांग. माझा नवरा गेला त्यात काय मिळालं ते कळू दे मला."

"एकोणसाठ बेचाळीस."

"म्हणजे तासाच्या आत अठरा सेकंद," मेन्नामावशी म्हणाली. तिला हिशेब करावा लागला नाही. त्या हॉलमध्ये कुणालाच लागत नसे.