साक्षीदाराची सही

"पिशवी इथेच उघडा," झडतीबाबा म्हणाले, तेव्हा केबलवाल्या बाईंचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता आणि एक बाहेर.

बाईंनी मुकाट्याने पिशवी उघडली. पक्कड, दोन स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, वायरीचं वेटोळं. बाबांनी सगळं कागदावर उतरवून घेतलं. जाताना ताडून बघायचं होतं. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकावर कामगारांच्या पिशव्या तपासल्या होत्या. झडतीबाबा हे नाव कामगारांनीच पाडलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर घरी आलं. मुठीत काय आहे विचारलं की माणूस आधी 'काही नाही' म्हणतो, हे ते फाटकावर शिकले. त्या उत्तरावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नाही.

टेबलावर कोरा करकरीत कॉम्प्युटर होता, जावयाने पाठवलेला. सकाळपासून त्यावर इंटरनेट येत नव्हतं. आणि चार वाजता मुलगी पडद्यावर येणार होती, दीड वर्षांनी पहिल्यांदा. फोनवर नको, तोंड बघून बोलायचंय, आणि आज दिसला नाहीत तर तुम्हालाच बोलायचं नाही असं समजेन, एवढंच तिने कळवलं होतं.

दीड वर्षापूर्वी बायको गेल्यावर मुलगी आणि जावई येऊन राहिले होते. ते परत निघाले त्या दिवशी बायकोची अंगठी सापडेना. बाबांनी दारातच जावयाला बॅग उघडायला लावली. बॅगेत निघाले ते जावयाचे कपडे. अंगठी दुसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यात सापडली, आणि ते बाबांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी त्यांचा पहिला संशय जावयावरच गेला. बिघडलेला माल गळ्यात मारून सूड उगवला असणार. मग वरच्या मजल्यावरचे शेजारी वायरीतून इंटरनेट ओढत असतील असं वाटलं. आता या बाई होत्या. मॉडेम गेलं म्हणतील आणि नवं माथी मारतील, म्हणून बाबा त्यांच्या हातावरची नजर काढत नव्हते.

बाईंनी केबल तपासली. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर मॉडेमला जोडून पाहिला, तर त्यावर इंटरनेट धडधडीत चालू. पण जुन्याला कॅमेरा नव्हता.

"म्हणजे नव्यातच खोट आहे," बाबा जवळजवळ खूश होऊन म्हणाले.

"खोट नाही, काका. हे मॉडेम आधी जोडलेल्यालाच ओळखतं. दुसरा कोणी आला की त्याला दारात अडवतं. आतली बॅटरी मिनिटभर काढून ठेवली की जुनी ओळख विसरतं. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ऑफिसातून फोनवर सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मी काढली होती बॅटरी."

बाईंनी मॉडेम उलटं केलं. बॅटरीच्या झाकणावर कागदाची पट्टी घट्ट चिकटवलेली होती. 'उघडू नये', खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि दोन सह्या. पट्टी कुठेही फाटलेली नव्हती.

बाईंनी पट्टीकडे पाहिलं, मग बाबांकडे. बोलल्या काहीच नाहीत. फाटकावर पकडलेल्या एकालाही बाबांनी असं न बोलता सोडलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दुसरी सही बायकोची आहे," ते शेवटी म्हणाले. "साक्षीदार म्हणून."

घरात अशा पट्ट्या सगळीकडे असायच्या, ट्रंकेवर, मीटरच्या पेटीवर, औषधांच्या डब्यावरसुद्धा. एक सील, दोन सह्या, हा फाटकावरचा नियम. बायको हात पुसत यायची, सही करायची आणि म्हणायची, एवढ्या बंदोबस्तात मला तेवढं मोकळं कसं ठेवलंत? बाकीच्या पट्ट्या तिच्या हयातीतच फाटल्या. ही एकच उरली होती.

चारला दहा मिनिटं होती. ओल्या फडक्याने अलगद सोडवून बघू का, असं बाईंनी विचारलं.

"नको. मीच काढतो."

त्यांनी नखाने कोपरा उचलला. स्वतःची सही झाकणावरच फाटली. तिची मात्र अख्खी सुटून हातात आली, आणि त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी बॅटरी काढली. बाबांनी साठपर्यंत आकडे मोठ्याने मोजले. बॅटरी परत बसवल्यावर एकेक दिवा लागत गेला आणि नव्या कॉम्प्युटरवर इंटरनेट आलं.

निघताना बाईंनी दारात आपणहून पिशवी उघडून धरली.

"राहू द्या, बाई," बाबा म्हणाले. यादीचा कागद त्यांनी टेबलावरून उचललाही नाही.

चार वाजता पडद्यावर आधी जावई दिसला, मग त्याच्या शेजारी मुलगी येऊन बसली. मुलीची नजर बाबांच्या हाताकडे गेली.

"बाबा, मुठीत काय आहे?"

"काही नाही."

"असू दे गं," जावई हळू आवाजात म्हणाला. "नको विचारूस."

बाबांनी मान खाली घातली. मग हात पुढे केला आणि जावयाला नीट दिसेल अशी मूठ उघडली.

"हिच्या आईची सही आहे," ते त्याला म्हणाले. "आणि अंगठी शिवणाच्या डब्यात होती. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी सापडली."

बाबांनी हात तसाच उघडा धरून ठेवला.