हिंदीतला राजीनामा

कुठलीही गोष्ट आहे तशी सोडून देता येत नाही, ही माझी खोड. कढी नेमकी पाहुणे आले की का फुटते, इथपासून ते नव्या राजधानीतले एवढे रुंद रस्ते कोणासाठी, इथपर्यंत मला सगळ्याचं कारण हवं असतं. छत्तीसगड वेगळं राज्य झालं तेव्हा रायपूरभर फटाके फुटले, महिनाभरात कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या आणि मी एका वहीत लिहिलं, 'पाटी नवी, खुर्ची तीच, खुर्चीवरचं बूडही तेच.' वाक्य बरं साधलं म्हणून पुढे लिहीतच गेलो. मडक्यातलं पाणी गार कसं होतं, मंत्री बोलताना बोट वर का करतात, वाचनालयातल्या रहस्यकथांची शेवटचीच पानं कोण फाडतं. अशा एकोणीस वह्या झाल्या. माझी बायको कुमुद होती तोवर त्यांना एक वाचक होता. "फार शहाणे आहात," म्हणायची, आणि ते कौतुक होतं की टोमणा, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुलगा निरंजन वह्यांना हात लावत नाही. त्याचं कारण चौथ्या वहीत आहे.

तेव्हा मी पिण्याचं पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होतो. रुळापलीकडच्या एका वस्तीतून नव्या टाकीच्या पाण्याचे नमुने आले. त्यात गटाराचं पाणी मिसळत होतं. मी तीनदा तपासलं, तीनदा तेच. टाकीचं उद्घाटन चार दिवसांवर होतं, म्हणून साहेब म्हणाले, 'पिण्यास योग्य' लिहा आणि सही करा. मी त्यांच्यापुढे नमुन्याची बाटली ठेवली आणि म्हटलं, आधी तुम्ही घोटभर घ्या. त्यांनी घेतला नाही. मी दोन ओळींत राजीनामा लिहून दिला आणि घरी आलो. सोळा वर्षांची नोकरी गेली, पेन्शनही गेली. निरंजन नागपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता, त्याला परत यावं लागलं. तेव्हापासून तो इथेच, रायपूरच्या तात्यापाऱ्यात, मोबाइलच्या दुकानात बसतो. वीस वर्षांत त्यावर तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

कढीवर दोन पानं लिहिणाऱ्या मी त्या दिवशी वहीत तीनच वाक्यं लिहिली होती. 'साहेबांनी सही करायला सांगितलं. मी राजीनामा दिला. प्रकरण मिटलं.' जास्त लिहिणं म्हणजे स्वतःची आरती ओवाळणं वाटलं असेल. खरं सांगायचं तर आयुष्यात अभिमान वाटावा असं माझ्याकडे तेवढंच होतं आणि ते कोणीतरी वाचावं असं मला फार वाटत होतं.

यंदा मराठी मंडळाने मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली. विषय 'आमच्या घरातलं वडीलधारं माणूस', आणि खाली सवलत, 'हिंदीतही चालेल'. सवलत नसती तर एकच निबंध आला असता, अध्यक्षांच्या नातवाचा. निरंजनची मुलगी ओवी नववीत आहे. ती आपण होऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आपकी कॉपियाँ दो ना, मैं आप पे लिखूँगी."

मी एकोणीसच्या एकोणीस काढून दिल्या. ओवीला मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच येतं. लिपी एकच, त्यामुळे तिला वाटतं की आपल्याला मराठी वाचताही येतं. इथल्या सगळ्या मराठी पोरांचा हाच घोटाळा. ती अडलेले शब्द विचारायला यायची. "आजोबा, 'गढूळ' मतलब?" मी सांगायचो, वर पाण्याचं शास्त्र फुकटात. 'राजीनामा' तिने विचारला नाही. तो शब्द तिला येत होता.

तिच्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. मंडळाच्या सभागृहात मी पहिल्या रांगेत बसलो, शेजारी निरंजन. ओवीने मडकं वाचलं, मंत्र्याचं बोट वाचलं, लोक हसले. मग चौथी वही आली.

"साहब ने दस्तख़त करने को कहा. मेरे आजोबा चाहते तो लड़ सकते थे. पर उन्होंने राजीनामा कर लिया और मामला निपट गया. उनसे मैंने सीखा कि ज़िद से घर नहीं चलता."

इथल्या कोर्टात दोन्ही पक्षांनी आपसात मिटवून घेतलं की त्याला राजीनामा म्हणतात. आपण ज्याला राजीनामा म्हणतो तो हिंदीत इस्तीफ़ा. माझ्या नातीने भर सभेत सांगितलं होतं की मी समेट केला, म्हणजे सही केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष शरच्चंद्र माझ्याकडे वळून म्हणाले, "याले म्हणतात व्यवहार!" मी निरंजनकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं आणि तोही टाळ्या वाजवत होता.

बाहेर गाडीपाशी मी त्याला गाठलं. "तुले तर ठाऊक होतं. काहून नाही बोलला?"

"काय बोलू? पोट्टी तुमच्याबद्दल चांगलं बोलून राहिली होती. मी उठून सांगू का, तसं नाही, माह्या बापानं नोकरी फेकली अन् घर उघड्यावर आणलं?" त्याने गाडीला चावी लावली, पण सुरू केली नाही. "बाबा, तुम्ही राजीनामा दिला त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या होत्या का? आज वाजल्या. घ्या ना."

वीस वर्षांनी तो बोलला होता. सगळ्या जगाला जाब विचारणारा मी, मुलासमोर मान खाली घालून उभा राहिलो.

पण ओवीला खरं कळायलाच हवं होतं. सकाळी ती पोहे खात होती तेव्हा तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं. बाटली, साहेब, दोन ओळी. राजीनाम्याचा अर्थही सांगितला. तिने चमचा खाली ठेवून ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले, आणि मला वाटलं, झालं, पोचलं एकदाचं.

"मतलब आपने साइन नहीं किया?"

"नाही केली."

"तो फिर पानी साफ हुआ?"

"नाही."

"क्यों?"

"दुसऱ्यानं सही केली. दोन दिवसांत."

"और बस्ती के लोग वही पानी पीते रहे?"

"हव."

"बीमार हुए?"

"झाले. पोरं जास्त."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती चौकशी होती, आणि ती खोड माझीच. "आपको तो पहले से पता था ना, आजोबा. आपने बस्ती में जाके किसी को बताया? पेपर में दिया?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. ती वस्ती माझ्या तेव्हाच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर होती. मी गेलो नव्हतो. नोकरी सोडली, हात स्वच्छ राहिले, तेवढ्यावर मी समाधान मानलं होतं. उकळून प्या, एवढंच ओरडून आलो असतो तरी चाललं असतं.

"वहीत लिहिलं," मी म्हणालो.

"मराठी में?"

"हव."

ओवीने मान हलवली आणि चमचा उचलला. दोन घास खाल्ल्यावर म्हणाली, "मंडल वाले मेरा निबंध स्मरणिका में छाप रहे हैं. वो लाइन ठीक करवा दूँ?"

"राहू दे," मी म्हणालो. "तू बरोबरच लिहिलं आहेस."